रिव्हर्स हवा, तो थांबायला

आमच्या गल्लीत कुणाला ‘नाही’ म्हणायचं असेल तर माणसं आधी बघून घेतात, सुमिएसान आसपास नाही ना. नकार कुणालाही दिलेला असो, ही बाई तो स्वतःच्या अंगावर घेते. आमच्या वॉर्डाच्या क्रीडादिनाला मागे एकदा ठरलं, की साठीपुढच्यांनी रस्सीखेचीत उतरू नये, बाजूला बसून टाळ्या वाजवाव्यात. सुमिएसान तेव्हा नुकतीच साठीला टेकलेली. ती दोराच्या शेवटच्या टोकाला स्वतःला गुंडाळून उभी राहिली. आमचा संघ हरला ते सोडा. पण हरताना सगळ्यात शेवटी हलली ती सुमिएसान कात्सुमाता.

माझं केस कापायचं दुकान तिच्या घराला खेटून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की ती शिंकली तर माझ्या हातातला वस्तरा थबकतो. त्यामुळे तिच्याबद्दल मला जे कळतं ते काही मी कान लावून ऐकलेलं नसतं. ते आपोआप येतं. मी फक्त पुढे पोचवतो.

तर ही बाई शिमिझूच्या बंदरावर, ट्यूना माशाच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायची. आत उणे साठ. मासे असे गोठलेले, की एकमेकांवर आपटले तर लोखंडासारखा आवाज यावा. तिला मुळात घेतलं होतं ऑफिसात चहा करायला. चहा तिने एकदाच केला. तो पिऊन साहेबांनी तिला फोर्कलिफ्टचा परवाना काढायला पाठवलं, असं ती सांगते. माझा पक्का संशय आहे, की तो चहा मुद्दाम बिघडवलेला होता. मध्यंतरी तिचा नवरा टूरिस्ट बसमधल्या एका गाइडबाईबरोबर निघून गेला. दोन वर्षांनी ईल माशाच्या बिस्किटांचा मोठा डबा घेऊन दारात उभा राहिला. सुमिएसानने डबा आत घेतला आणि दार लावलं. बिस्किटं चांगली होती. मला चार मिळाली.

शीतगृहातली एक सवय मात्र तिने घरी आणली. तिथे काहीही करण्याआधी बोट रोखून मोठ्याने सांगायचं असतं: उजवीकडे मोकळं, ठीक! डावीकडे मोकळं, ठीक! आमच्याकडे जपानात रेल्वेवाले करतात, कारखानेवाले करतात. पण ते कामावर. ही बाई स्वयंपाकघरात करते. रोज रात्री जेवणं झाली की भिंतीपलीकडून आवाज येतो, “गॅस बंद, ठीक!” आणि माझी बायको उठून आमचा गॅस बघते.

ती निवृत्त झाली तेव्हा हाताखालच्या पोरांनी तिला रिमोटवर चालणारी गाडी भेट दिली. सुट्या भागांचा खोका होता, घरी जोडायची. “आता जरा छोटी गाडी चालवा, काकू,” असं म्हणून सगळे फिदीफिदी हसले. सुमिएसान हसली नाही. तिने गाडी जोडली, अंगणात चालवली, आणि म्हणाली, “अंगण कमी पडतं.”

मी तिला नेझूकडे घेऊन गेलो. हे काम मात्र माझंच.

नेझू म्हणजे पूर्वी स्टेशनमागच्या पाचिंको हॉलमध्ये जुगाराची यंत्रं दुरुस्त करायचा तो. जुगार बसला, हॉल बंद पडला, तेव्हा त्याने तो भाड्याने घेतला, यंत्रं काढून टाकली, सगळीकडे करडा गालिचा अंथरला आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा वळणावळणाचा रस्ता केला. रिमोटच्या गाड्यांसाठी. एक गोष्ट मात्र त्याला हलवता आली नाही. बक्षिसं द्यायचा जुना काउंटर. तो जमिनीत सिमेंटने बसवलेला आणि चांगला दोन-तीन माणसांच्या जाडीचा. शेवटी नेझूने काउंटरला खालून भोक पाडलं आणि रस्ता त्यातूनच नेला. आम्ही त्याला बोगदा म्हणतो. गाडी एका तोंडातून आत जाते, क्षणभर दिसेनाशी होते, दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. आत अडकली तर हात पोचत नाही. त्यासाठी नेझू एक बांबू ठेवतो. मागून ढोसलं की गाडी पुढून बाहेर.

पहिल्याच दिवशी सुमिएसानने तीन गाड्यांना ठोकलं. पुढे जाऊन नव्हे, मागे येऊन.

झालं असं. रिमोट पिस्तुलासारखा असतो. ट्रिगर ओढला की गाडी पुढे, उलटा ढकलला की ब्रेक. खोक्यातून येणाऱ्या साध्या गाडीत, एकदा ढकलून सोडला आणि पुन्हा ढकलला की गाडी मागे जाते. आता फोर्कलिफ्टवाल्यांची रीत वेगळी. बंदरावर बॅटरीच्या, उभ्याने चालवायच्या फोर्कलिफ्ट असतात. त्या थांबवायला कुणी पायाने ब्रेक मारत बसत नाही; पुढे जाता जाताच दांडा मागच्या बाजूला टाकतात. यंत्र आपल्याच जोराशी भांडतं, मंद होतं, थांबतं. आणि मागे सरकायच्या आत दांडा मधे आणायचा, की माल जिथल्या तिथे उभा. सुमिएसानच्या हातात हेच मुरलेलं. वळण आलं की ती ट्रिगर ढकलायची. गाडी नुसता ब्रेक मारायची. बाईला वाटायचं, यंत्राने ऐकलं नाही, म्हणून पुन्हा ढकलायची. आणि गाडी भर रस्त्यात उलटी सुटायची, मागून येणाऱ्याच्या थेट नाकावर.

त्यात तिने मोटर बदललेली. खोक्यातली तिला दुबळी वाटली, म्हणून दुप्पट दमाची घातली. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी एक डबी असते, स्पीड कंट्रोलर. त्या डबीला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई गं, ही मोटर तुला झेपेल का? पुढे, मागे, पुढे, मागे असं चाललं आणि थोड्या वेळाने हॉलभर जळका वास सुटला. दोघातिघांना वाटलं, नेझू कोपऱ्यात सुकी माकली भाजतोय. एकजण ताटली शोधायलाही गेला. बघतो तर सुमिएसानची गाडी धूर काढत उभी.

“कंट्रोलर गेला,” नेझू म्हणाला.

“बरं झालं,” सुमिएसान म्हणाली. “मूर्ख होता.”

आता नवा घ्यायला हवा. आणि खरं भांडण इथे सुरू झालं.

नेझूच्या दुकानाची काचेची पेटी म्हणजे पाचिंकोच्या काळात जिथे सिगारेटी आणि चॉकलेटं ठेवत तीच. आता तिच्यात कंट्रोलर मांडलेले. सुमिएसान त्यावर कोपरं टेकून उभी. मी शेजारी. आणि मागून हाताकेयामासान आले. हे आमच्या क्लबचे अध्यक्ष. उभं आयुष्य मोटार शिकवण्यात गेलेलं. शिकाऊ माणूस गाडी चालवतो आणि शिकवणारा शेजारी बसतो. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना. निवृत्त झाले तरी त्यांचा उजवा पाय अजून तो ब्रेक शोधतो. दुसऱ्याची गाडी वळणावर आली की त्यांचा बूट जमिनीवर दाबला जातो. मी कितीदा पाहिलंय.

नेझूने एक डबी पुढे सरकवली. कॅरॅमेलच्या गोळीएवढी, वर चिमुकला पंखा.

“हा घ्या. शर्यतीचा. पुढे आणि ब्रेक, बस्स. मागे जायची भानगडच नाही. ट्रिगर ओढल्यावर किती झटक्याने सुटायचं ते ठरवता येतं, ब्रेक किती करकचून लागावा ते ठरवता येतं.”

“आम्ही सगळे हाच वापरतो,” अध्यक्ष म्हणाले. “खुल्या गटात दुसरा चालत नाही, सुमिएसान.”

“का?”

“कारण रिव्हर्स धोक्याचा. रस्त्यावर एक गाडी उलटी आली की मागच्या पाच फुटतात. तुम्ही परवा दाखवलंतच की.”

“परवाची डबी मूर्ख होती.”

“डबी मूर्ख होती, की...” अध्यक्ष थांबले. बोलायचं ते बोलले नाहीत. पण त्यांच्या गालावर ते दिसत होतं, आणि सुमिएसानला गालावरचं वाचता येतं.

नेझूने घाईघाईने दुसरी डबी काढली. “ही बघा, गाड्या आडव्या घसरवणाऱ्या पोरांची. सात रंगांचे दिवे लागतात.”

“मी काय उत्सवातला रथ आहे?”

“मग ही स्वस्तातली, निळी. लहान मुलं...”

सुमिएसानने नुसतं बघितलं. नेझूने निळी डबी आत ठेवली.

मग तिने बोट रोखलं. पेटीच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, डांबरात बुडवून काढल्यासारखी एक काळी ठोकळा डबी. “ती?”

नेझू हसायलाच लागला. “अहो, ती शर्यतीची नाही! दगडांवर चढणाऱ्या गाड्या असतात ना, त्यांची. आबे नदीच्या पात्रात म्हातारे बसलेले असतात, पाण्यातून गोट्यांवर गाड्या चढवत. त्यांची ती. जड आहे.”

“बोट काढलं तर गाडी धरून ठेवते?”

“चढावर सोडली तरी जागची हलत नाही.”

“पुढून मागे टाकायचं झालं तर? मधे चहापाण्याला थांबते?”

“नाही, सरळ जाते. पुढे की पुढे, मागे की मागे.”

“हळू चालते?”

“गोगलगायीपेक्षा हळू. मोटरमधून एक तार येते तिला. मोटर कुठवर फिरलीय हे त्या तारेवरून कळतं, म्हणून अजिबात धक्का देत नाही. पण सुमिएसान, शर्यतीत हळू कशाला चालायचंय कुणाला?”

“माझी मोटर झेपेल तिला?”

“हत्ती झेपेल.”

“बांध.”

“थांबा, थांबा,” अध्यक्ष मधे आले. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला. “ही लावलीत तर खुल्या गटात जागा नाही. रविवारी सकाळी दोस्ती गट असतो, तिथे या. बालवाडीतली मुलं असतात, आजोबा असतात. तिथे हवं तेवढं मागे जा.”

दोस्ती गट म्हणजे काय हे सांगायला हवं. हळू गाड्या, बक्षीस म्हणून सगळ्यांना एक एक संत्रं, आणि अंगात घालायला गुलाबी बंडी. बंडीच्या पाठीवर ससा.

“मी मागे जाणारच नाहीये,” सुमिएसान म्हणाली.

“मग रिव्हर्स कशाला हवा?”

“थांबायला.”

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो.

“अहो, थांबायला ब्रेक असतो!”

“तुमच्याकडे. तुमच्या ब्रेकला मी ओळखत नाही. ज्याने मी दोन टनांचा माल माणसांच्या पायाच्या बोटांजवळ उभा केला, त्याला ओळखते. एवढी वर्षं हा हात चुकला नाही. आता ह्या कॅरॅमेलसाठी मी हात बदलू? डबी बदलेन.”

“हट्ट आहे हा नुसता.”

“आहेच.”

खरं सांगतो, अध्यक्षांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. चार-सहा दिवस त्या कॅरॅमेलवर हात बसवला असता तर तिलाही जमलं असतं. हे मी तिला दुकानातून परतताना बोललोदेखील. “ओगुरी,” ती म्हणाली, “तुला उद्यापासून डाव्या हाताने दाढी करायला सांगितली तर?” मी म्हटलं, जमेल हळूहळू. ती म्हणाली, “कुणाच्या गळ्यावर?” मी विषय सोडला.

पण पेटीपाशीच शेवटी पैज लागली होती. अध्यक्षच म्हणाले, “ठीक आहे. नोव्हेंबरच्या शर्यतीत लावा ती काळी डबी. पण शर्यतीत तुमची गाडी वीतभर जरी मागे गेली, तरी त्याच दिवशी बंडी घालायची. कायमची. वाद नाही.”

“आणि नाही गेली तर?”

“तर खुल्या गटात राहा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“हे माइकवरून सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“सांगेन.”

“नेझू, ऐकलंस? ओगुरी तर ऐकतोच.”

त्यानंतर आमच्या गल्लीची रया गेली. रोज दुपारी सुमिएसान दुधाचे रिकामे खोके मांडून सराव करायची. गाडी सुसाट माझ्या दुकानाकडे येणार, दारात दुकानाची खूण म्हणून लावलेल्या लाल-निळ्या फिरत्या खांबापाशी बोटभर अंतरावर गप्प उभी राहणार. आणि प्रत्येक वेळी सुटण्याआधी, बोट रोखून, “उजवीकडे मोकळं, ठीक! डावीकडे मोकळं, ठीक! पुढे, ठीक!” माझी गिऱ्हाइकं तोंडाला फेस लावलेला तसाच ठेवून खिडकीशी. एकाने तर विचारलं, “ह्यांना कुणी आणीबाणीची सूचना दिलीय का?” आठवड्यात दोन खोके फुटले, माझा खांबही एकदा हलला. “हात बसतोय,” बाई म्हणाली. म्हणजे डबीवर हात बसवायला तिलाही सराव लागलाच. पण हे मी तिच्या तोंडावर बोललो नाही. मला अजून त्याच भिंतीशेजारी राहायचंय.

शर्यत रविवारी दुपारी. आमच्यात रीत अशी, की ज्याची फेरी आटोपली त्याने पुढच्या फेरीत कोपऱ्यावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. मी पहिल्याच फेरीत बाद झालो, हे सांगायची गरज नाही. त्यामुळे अंतिम फेरीला माझी नेमणूक झाली बोगद्याच्या तोंडाशी. हातात बांबू, खिशात विजेरी.

सहा गाड्या. चालवणारे सगळे उंच फळीवर ओळीने. अध्यक्ष पहिल्या जागेवर. लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकायच्या तयारीने इस्त्रीचा शर्ट घातलेला. सुमिएसान शेवटच्या जागेवर, बंदरावरचं जुनं जॅकेट. नेझू माइकवर. सुटायच्या आधी सगळे गप्प असतात, तेव्हा हॉलमध्ये आवाज घुमला, “उजवीकडे मोकळं, ठीक!” आणि अख्खी फळी खदखदून हसली. एकाचा ट्रिगर हसण्यातच ओढला गेला, त्याची गाडी आधीच सुटली, सगळं पुन्हा मांडावं लागलं.

शर्यत सुरू झाली आणि मग कुणी हसलं नाही. सरळ रस्त्यावर सुमिएसान मागे पडायची. काळी डबी जड, काय करणार. पण वळण आलं की बाकीचे लांबूनच ब्रेक मारायला लागत, आणि ही अगदी तोंडाशी जाऊन ट्रिगर उलटा टाकायची. गाडी गप्पकन बसायची, वळायची, निघायची. एक-एक करून तिने चौघांना मागे टाकलं. पुढे फक्त अध्यक्षांची चंदेरी गाडी राहिली.

“नेझू,” अध्यक्ष फळीवरून ओरडले, “मागे जातेय का बघ रे!”

“नाही जात, साहेब. थांबतेय.”

“नीट बघ!”

“तुम्ही पुढे बघा, अध्यक्ष,” सुमिएसान म्हणाली.

त्यांनी पुढे बघायला हवं होतं. त्यांनी बघितलं तिच्या गाडीकडे, वीतभर मागे सरकलेली पकडायला. तेवढ्यात चंदेरी गाडीचं चाक बोगद्याच्या तोंडाला घासलं, ती उडाली आणि उलटी होऊन आत गेली. आतून धाडकन आवाज आला. दुसऱ्या तोंडातून काही बाहेर आलं नाही.

सुमिएसानची गाडी पाठोपाठ आत शिरली होती. तिला फळीवरून काय दिसणार? पण आवाज झाला आणि पुढे कुणी बाहेर आलं नाही, एवढं तिला पुरलं. मी पोटावर पडून विजेरी मारली. चंदेरी गाडी चाकं वर करून मधोमध पडलेली. आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर सुमिएसानची गाडी, डोळे मिटल्यासारखी शांत.

“टेकली का?” सुमिएसानने विचारलं.

“नाही! बोटभर राहिलंय!”

“मागे गेली?”

“नाही!”

“मोठ्याने सांग.”

“मागे गेलेली नाही!” मी आयुष्यात इतक्या मोठ्याने काही बोललो नव्हतो.

मागच्या चारही गाड्या तोंडाशी येऊन खोळंबल्या. मी त्या उचलून बाजूला केल्या. पण आतल्या दोघींपर्यंत माझा हात पोचेना. बांबू घालायचा तर वाटेत सुमिएसानची गाडी. घड्याळ चाललेलं. आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की सहा गाड्यांपैकी मागे जाऊ शकते अशी गाडी एकच आहे.

“मागे घ्या, सुमिएसान!” कुणीतरी ओरडलं. “पाठ मोकळी आहे!”

“मागे घ्या हो!”

अध्यक्षसुद्धा म्हणाले, “घ्या मागे! लवकर!”

सुमिएसानने रिमोट कमरेवर टेकवला. “कोण म्हणतंय?”

“मी म्हणतोय! वीतभर मागे घ्या, ओगुरी माझी गाडी बांबूने काढेल, शर्यत पुढे सुरू!”

“आणि पैज?”

“अहो, हे... हे वेगळं झालं. हा अपवाद.”

“नेझू, त्यांना माइक दे. म्हणू देत, मागे गेली तरी बंडी नाही.”

नेझूने माइक पुढे केला. अध्यक्षांनी तो घेतला. सगळा हॉल बघत होता. आणि माणूस कसा असतो बघा. मोटार शिकवताना हजारांना पास-नापास केलेला हा माणूस, त्याच्या तोंडून ते निघेना. शेवटी म्हणाले, “मागे घ्या, सुमिएसान. मग... मग सगळे मिळून विचार करू.”

“विचार,” सुमिएसान म्हणाली.

“म्हणजे मागे गेली हे तर खरंच असणार ना...”

“बरं.” तिने रिमोट उचलला. “ओगुरी! विजेरी धर. वाट दाखव.”

मला कळलं. मी पुन्हा पोटावर पडलो. वर अध्यक्षांना अजून कळलं नव्हतं. ते ‘हं, आता कसं’ म्हणत होते.

“समोर माल!” सुमिएसानने बोट रोखलं. “ठीक?”

काय सांगू, माझंही बोट आपोआप वर गेलं. “समोर माल, ठीक!”

“अहो, काय करताय?” अध्यक्ष.

“पोचवतेय.”

तिची गाडी हलली. हलली म्हणजे कशी, तर आधी मला वाटलं विजेरीच हलली. कॅरॅमेलवाल्या गाड्या सुटतात त्या झटक्याने. अशा जागी तर त्यांनी चंदेरी गाडीचा चुराडाच केला असता. ही गेली गोगलगायीसारखी. बोटभर अंतर संपलं, नाक टेकलं, आणि उलटी चंदेरी गाडी छतावर घसरत, खर्र खर्र करत पुढे निघाली. गोठलेला ट्यूना फरशीवरून ढकलावा तशी.

“धक्का मारला तर दहा सेकंदांचा दंड, सुमिएसान!” नेझू माइकवर ओरडला.

“लाव. वीस लाव.”

“माझं रंगकाम!” अध्यक्ष ओरडले. त्यांचा उजवा पाय फळीवर असा दाबला गेला, की फळी करकरली. पण तिथेही ब्रेक नव्हता.

“ओगुरी, डावीकडे किती?”

“दोन बोटं! थोडं उजवीकडे! बास! सरळ! चला, चला!”

चंदेरी गाडी दुसऱ्या तोंडातून उजेडात आली. तिथे उभ्या असलेल्याने ती सरळ करायला हात घातला, तर सुमिएसान वरून गरजली, “अजून नाही! रस्ता मोकळा व्हायचाय!” आणि तिने ती आणखी थोडी ढकलत कडेला, पांढऱ्या पट्टीबाहेर नेऊन ठेवली. ट्रिगर उलटा टाकला. गाडी जागच्या जागी थांबली.

“माल पोचला!” ती म्हणाली. “पुढे मोकळं, ठीक!” आणि शर्यतीला निघून गेली.

मागच्या चौघांना मी पुन्हा रस्त्यावर ठेवलं. त्यातल्या औषधाच्या दुकानवाल्याने पुढच्या दोन चकरांत तिला गाठलं आणि दंडाच्या वीस सेकंदांनी उरलेलं काम केलं. (नेझूने खरंच वीस लावले. म्हणाला, बाईंनीच सांगितलं.) औषधवाला जन्मात पहिल्यांदा जिंकला आणि इतका गोंधळला, की बक्षीस घ्यायला रिमोट हातात घेऊनच गेला. सुमिएसान पाचवी आली. म्हणजे शेवटून दुसरी. शेवटचे अध्यक्ष, कारण त्यांच्या गाडीच्या छताला खिडकी पडली होती आणि ते शर्यत सोडून तिच्याकडेच बघत बसले होते.

बक्षिसं झाल्यावर सुमिएसान घरी जाईना. फळीजवळ हात बांधून उभी.

“सुमिएसान, पाचवा नंबर चांगला आहे,” मी हळूच म्हटलं.

“नंबर कुणी मागितला?”

हॉल रिकामा होत नव्हता. बुटांच्या नाड्या बांधायला माणसांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नाही. अध्यक्ष आपली पेटी भरत होते. भरून झाली, तरी भरत होते. मग उठले, नेझूकडून माइक घेतला.

“कात्सुमातासान,” ते म्हणाले. आडनावाने, म्हणजे सगळं रीतसर. “तुमची गाडी मागे गेली नाही. मी स्वतः बघत होतो. त्यापायी माझी गाडी आपटली, इतका बघत होतो.” कुणीतरी हसलं. त्यांनी हसणाऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या गाडीकडे बघितलं. “तुम्ही खुल्या गटात राहा. ती काळी डबी लावून. पण धक्का मारणं हे...”

“तो पैजेत नव्हता.”

“तो पैजेत नव्हता,” अध्यक्षांनी माइकवर कबूल केलं, आणि माइक असा खाली ठेवला जसा काही गरम आहे.

“बंडी कुठाय?” सुमिएसानने विचारलं.

नेझूने काउंटरच्या खणातून काढून दिली. गुलाबी, पाठीवर ससा, तिच्या मापाची. मेल्याने आधीच आणून ठेवली होती. सुमिएसानने ती उलटून पालटून पाहिली, घडी केली, त्या घडीने अध्यक्षांच्या चंदेरी गाडीवर चिकटलेला गालिच्याचा भुसा तिने पुसला, चाकांतला काढला, आणि गाडी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. अध्यक्षांनी वाकून दोन्ही हातांनी घेतली. बंडी तिने ठेवून घेतली. अजून वापरते. तिच्याइतकं चांगलं फडकं दुकानात मिळत नाही म्हणे.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष माझ्याकडे केस कापायला आले. मानेभोवती कापड गुंडाळून झालं, कात्री चालू झाली, आणि आरशात माझ्याकडे न बघता म्हणाले, “ओगुरी, ती काळी डबी... बोट काढल्यावर खरंच जागेवर उभी राहते?”

“भिंतीपलीकडेच आहेत. विचारा की.”

“नको,” ते म्हणाले. “मी आपलं सहज विचारलं. कुणाला बोलू नकोस.”

मी म्हटलं, छे हो. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “उजवीकडे मोकळं, ठीक!” आणि गाडी सूं करत खांबाच्या दिशेने आली. खुर्चीत कापडाखाली अध्यक्षांचा उजवा पाय दाबला गेला. गाडी बोटभर अंतरावर थांबली. मी त्यांना हलू नका म्हणालो आणि मानेवरचे केस काढायला वस्तरा घेतला.